सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेल्या घोडीवर लगेच बसू नका

अभिनंदन, पण खोगीर अजून खुंटीलाच राहू द्या. यात्रेतली गर्दी, टेम्पोचा प्रवास, नवं थान. बिचारी आधीच बावरलेली आहे. पहिले आठ-दहा दिवस नुसता खरारा करा (ब्रशने अंग घासा), मोहरकी म्हणजे तोंडावरची दोरी धरून फिरवा, बोलत राहा. बरोबर मागून जाऊ नका; तिथलं तिला दिसत नाही, आणि लाथ विचारून येत नाही. मारवाडी घोडीचे कान आत वळलेले असतात, ते सुंदरच. पण ते मागे चपटे झाले की हात आवरा.

खोगिराआधी पाठीवर घोंगडी ठेवा, काढा, पुन्हा ठेवा. ती शांत उभी राहिली की त्याच क्षणी थांबा; दाब सुटणं हेच तिचं बक्षीस. (चाबूक दाखवून उभं करणारे भेटतील. त्यांना चहा पाजा, घोडी देऊ नका.)

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बऱ्याच घोड्या पोट फुगवतात. चार पावलं चालवून परत तपासा. मी एकदा आळस केला आणि खोगिरासकट पोटाखाली लटकलो. हेल्मेट हवंच, आणि टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जात नाही. वय तीनच्या आत असेल तर बसायचं विसरा, दात बघून वय सांगणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना आधी विचारा.