इन्व्हर्टरचा नॉइज मार्जिन: सुरुवातीला एवढंच बघा

इन्व्हर्टर म्हणजे हायचा लो आणि लोचा हाय करणारं लॉजिक गेट. सूत्रं नंतर. आधी डेटाशीटमधले चार आकडे काढा. ७४एचसी०४ या इन्व्हर्टर आयसीला ४.५ व्होल्ट दिले, तर हलक्या लोडवर आउटपुटचा हाय किमान ४.४ आणि लो कमाल ०.१. पुढच्या इनपुटला हाय म्हणून किमान ३.१५ लागतात, लो म्हणून कमाल १.३५ चालतात. वजाबाकी केली की दोन्हीकडे १.२५ व्होल्ट. हाच नॉइज मार्जिन: एवढा नॉइज मिसळला तरी हाय-लो चुकत नाही.

नवखे इथेच फसतात: सप्लायच्या निम्म्याला सीमा समजतात. तो फक्त स्विचिंग पॉइंट. तिथे गेन (इनपुटमधला बदल आउटपुटला किती पट दिसतो ते) सर्वाधिक, त्यामुळे बारीकसा नॉइजही मोठा होऊन बाहेर पडतो. इनपुट-आउटपुट व्होल्टेजच्या वक्राचा उतार उणे १ होतो तिथेच सुरक्षित पट्टा संपतो. गेन जास्त असेल तर मधला धोक्याचा पट्टा अरुंद.

नेहमीच्या चुका:

- ७४एलएस०४ (टीटीएल कुळातला इन्व्हर्टर) चं आउटपुट थेट एचसीला जोडणं. एलएसचा हाय किमान २.७, ५ व्होल्टवरच्या एचसीला ३.५ हवेत. टेबलावर बऱ्याचदा चालूनही जातं, हीच तर गोची! एचसीटी (टीटीएलच्या पातळ्या ओळखणारी एचसी) घ्या.
- न वापरलेले इनपुट लोंबकळत ठेवणं. ग्राउंडला जोडा.
- एचसी०४ चा वक्र सावकाश काढणं. आत तीन टप्पे असल्याने गेन प्रचंड, मधेच ऑसिलेशन सुरू होतं, म्हणजे आउटपुट आपोआप वर-खाली होत राहतं. एकाच टप्प्याचा ७४एचसीयू०४, इनपुट फिरवायला १० किलोओहमचा पॉट (बदलता रेझिस्टर) आणि आयसीच्या सप्लाय पिनलगत १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर वापरा.

मंद सिग्नलसाठी ७४एचसी१४ (श्मिट ट्रिगर: चढताना आणि उतरताना वेगळ्या पातळीला बदलणारा इन्व्हर्टर). ट्रान्झिस्टरच्या रुंदीची गुणोत्तरं आत्ता नकोत.