परतीनंतरचं पहिलं वर्ष: वाचकांचे प्रश्न

परदेशातून कायमची परतलेली किंवा परतायच्या बेतात असलेली माणसं आणि त्यांची कुटुंबं यांच्याबरोबर मी समुपदेशनाचं काम करते. या विषयावर प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं, पैशांबद्दल विचारतील. पैशांबद्दल विचारलंच, पण निम्म्याहून जास्त पत्रं घरातल्या माणसांबद्दलची निघाली. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न: अकरा वर्षं परदेशात बांधकामावर काढली. चार महिन्यांपूर्वी कायमचा परत आलो. माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. मी शेजारी बसलेला असताना मुलगी परवानगी मागायला आत आईकडे जाते. माझं काय चुकलं?

चुकलं काहीच नाही. अकरा वर्षं हे घर तुमच्याशिवाय चाललं, आणि चाललं म्हणूनच तुम्ही तिकडे टिकलात. मुलीच्या लेखी परवानगी देणारं माणूस एकच आहे. ती तुमचा अपमान करत नाही, सवयीने उठते इतकंच.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातली सगळी कपाटं नव्याने लावली. घरच्यांना मदत व्हावी, हाच हेतू. बायको एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डबे पूर्वीच्या जागी होते! हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं. मला मात्र त्यात घराचा नकाशा दिसला: कोणती जागा कोणाची आहे, याचा.

तुम्ही एकच काम मागून घ्या. रोजचं, कंटाळवाणं आणि तुम्ही चुकलात तर घर अडेल असं. मुलीला शाळेत सोडणं चालेल. ते सहा महिने न चुकता करा. बाकीचे अधिकार मागायला जाऊ नका, ते आपोआप येतात. फोनवर तुम्ही आणि घरचे, दोघंही एकमेकांना आपली बरी बाजू दाखवत होतात. आता चोवीस तास समोरासमोर आहात, खटके उडणारच.

परदेशात पाऊल ठेवल्यावर आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू रुळणं, हे तुम्ही अनुभवलं असेल. परतल्यावर हाच चढउतार पुन्हा होतो, असं गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ साली मांडलं. त्यांचा अभ्यास परदेशात राहून आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांवर आणि प्राध्यापकांवर होता, मजुरांवर नव्हे. त्यामुळे कितव्या महिन्यात बरं वाटेल याचं गणित त्यातून काढू नका. पण घसरण येते आणि ती तुमच्या एकट्याच्या वाट्याला येत नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. झोप उडाली, घराबाहेर पडणं बंद झालं किंवा दारू वाढली, तर मात्र माझ्या सदराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: मी दुसऱ्या बाजूची. नवरा परत आल्यापासून प्रत्येक खर्चाचा हिशोब मागतो. इतकी वर्षं मी काय उधळपट्टी करत होते का?

राग रास्त आहे. तरी एकदा त्यांच्या बाजूने पाहा. ते दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवत होते. तिचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. फी, औषधं, गळणारं छप्पर, नातेवाइकांची जुनी देणी, यातलं काहीच त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं नाही. एका संध्याकाळी वही काढून एका वर्षाचा खर्च दोघांनी मिळून वाचा. एकदाच. नंतर महिन्याचा खर्च आळीपाळीने दोघांनी सांभाळा. ज्याच्या हातात पिशवी असते त्याला भाव कळतात.

प्रश्न: युरोपात आहे. राहण्याचा परवाना संपला, देश सोडण्याची नोटीस आली. 'स्वेच्छेने परत जातो' अशा अर्जावर सही करायला सांगतात. करू का?

वकिलाला किंवा मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थेला कागद दाखवल्याशिवाय करू नका. मायदेशी जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तर आधी तेच सांगा. तशा धोक्यात निर्वासिताला परत ढकलायचं नाही, असं १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३३ सांगतं.

धोका नसेल, तर स्वतःहून जाणं हे हाकलून दिलं जाण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार स्वतःहून निघण्यासाठी साधारण ७ ते ३० दिवस मिळतात. ती मुदत पाळली नाही तर प्रवेशबंदी लागते, सहसा जास्तीत जास्त ५ वर्षांची. हे नियम बदलण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये आला होता, म्हणून तुमच्या नोटिशीला आज कोणता नियम लागू आहे ते विचाराच. परतीच्या तिकिटाची आणि नंतर उभं राहण्यासाठीची मदत अनेक देशांत आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेमार्फत, म्हणजे आयओएममार्फत मिळते. ही योजना १९७९ पासून चालू आहे.

एका बाजूला अटकेची टांगती तलवार असताना 'स्वेच्छा' हा शब्द किती खरा, हा वाद जुना आहे. मला तो शब्द खटकतो. मदतीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९७७ साली फ्रान्सने परत जाणाऱ्या परदेशी कामगाराला १०,००० फ्रँक देऊ केले. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीने ठरावीक देशांच्या कामगारांना १०,५०० मार्क दिले. २००९ साली जपानने बेकार झालेल्या जपानी वंशाच्या दक्षिण अमेरिकी कामगारांना ३ लाख येन देऊ केले, त्याच दर्जाच्या व्हिसावर परत न येण्याच्या अटीवर. कामाची गरज सरली की यजमानांना पाहुण्याच्या मायदेशाची आठवण होते. पैसे घेण्यात कमीपणा नाही, फक्त अट वाचून घ्या.

प्रश्न: साठवलेल्या पैशांतून धंदा सुरू कर, असं सगळे म्हणतात. मला धंद्यातलं काही कळत नाही.

मग सुरू करू नका! मदत योजनांमुळेही हा समज पसरतो. त्या बरेचदा रोख रकमेऐवजी सामान, यंत्रं किंवा प्रशिक्षण देतात आणि छोटा धंदा हाच त्यांचा ठरलेला साचा असतो. त्यातून एकाच वस्तीत परतलेले पाचजण एकच धंदा थाटतात आणि गिऱ्हाईक तेवढंच राहतं.

आधी जायच्या वेळी काढलेलं कर्ज फेडा, कारण सावकाराला तुम्ही परतल्याची बातमी तुमच्याआधी लागते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. मग ज्यात पडायचं आहे त्याच धंद्यात दुसऱ्याकडे तीन महिने नोकरी करा. तिकडे जे काम केलंत त्याचे दाखले, अनुभवपत्रं, प्रमाणपत्रं निघण्यापूर्वीच गोळा करा. इकडे आल्यावर जुना मुकादम फोन उचलत नाही.

एक नाजूक गोष्ट: उसने मागणारे येतील. 'पैसे मुदत ठेवीत अडकलेत' हे वाक्य खरं करून ठेवा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही.

प्रश्न: तिकडे पगारातून कापलेले पेन्शनचे पैसे परत मिळतात का?

देशागणिक उत्तर वेगळं. जपानमध्ये एकरकमी परताव्याचा अर्ज देश सोडल्यापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो. जर्मनीत उलट, पात्र असाल तरी २४ महिने थांबावं लागतं, आणि सहसा तुमचा स्वतःचाच हिस्सा मिळतो. दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार असेल तर परतावा न घेता तिकडच्या नोकरीची वर्षं पेन्शनसाठी मोजून घेणं फायद्याचं ठरू शकतं. पगारपत्रकं फेकू नका.

प्रश्न: मुलं तिकडेच जन्मली. त्यांना आपली भाषा बोलता येते, वाचता येत नाही. शाळेत वर्गमित्र हसतात.

तुम्ही परतलात, मुलं मात्र परतलेली नाहीत. ती पहिल्यांदाच परदेशी आली आहेत. त्यांच्या बाबतीत 'आपल्या घरी आलो' हे वाक्य वापरू नका, त्यांना ते खोटं वाटतं. शाळेला लेखी कळवा की अडचण लिपीची आहे, बुद्धीची नाही, आणि खालच्या वर्गात बसवायला सहजासहजी तयार होऊ नका. तिथल्या मित्रांशी बोलणं तोडू नका. तिथली भाषाही घरात थोडी चालू ठेवा, कारण मोठेपणी ती त्यांच्या उपयोगाची आहे. शाळेचे दाखले तिथूनच ॲपॉस्टिल करून, म्हणजे दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का घेऊन, आणले असतील तर प्रवेशाची निम्मी कटकट वाचते.

प्रश्न: दीड वर्ष झालं, रमत नाही. पुन्हा जावंसं वाटतं. अजून कोणाला बोललो नाही, लोक म्हणतील हरला.

लोक तुम्ही गेलात तेव्हाही बोलले, आलात तेव्हाही बोलले. स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहासोबत उलटा प्रवाह असतोच, हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइनने १८८५ मध्येच लिहून ठेवलं आहे. माणसं जातात, येतात, पुन्हा जातात. फक्त परतताना सही केलेला कागद शोधा. प्रवेशबंदी किती वर्षांची आहे आणि घेतलेली मदत परत करावी लागते का, ते त्यात पाहा. आणि या वेळी तिकीट काढायच्या आधी घरात सांगा.