‘चिडतील की हो, मॅडम!’

‘चुकतंय ते दिसतंय, पण बोलायचं कसं?’ नर्स, टेक्निशियन, ज्युनिअर डॉक्टर, सगळे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या एका सिस्टरची ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून.

ती एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. नाईट संपवून थेट यायची. तिथे पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटरचे अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या कुप्या, एकाच ट्रेत शेजारी. पोटॅशियम पातळ न करता शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. एका पहाटे तिच्या हातात नको तोच अँप्यूल आला. लेबल वाचलं म्हणून निभावलं. कोणाला बोलली नाही.

“इन्चार्ज म्हणतील, तूच धांदरट. आणि माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात आहेत.”

अशा वेळी ‘घाबरू नका’ म्हणणं सोपं असतं. मी ते टाळते. कपाटातली सर्टिफिकेटं काही मनाचे खेळ नव्हेत. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. भीतीतलं खरं तेवढं आधी बाजूला काढते, उरतं त्याच्याशी भांडते.

चौथ्या भेटीत पुन्हा तेच. “इन्चार्ज चिडतील की हो, मॅडम!”

“चिडतील,” मी म्हटलं.

ती बघतच राहिली. धीर देईन असं तिला वाटलं असावं.

“मग?”

“मग तुम्ही काय कराल?”

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं, सोडणं, बराच वेळ चाललं. “पुढच्या शिफ्टला हँडओव्हर देईन… आणि घरी जाऊन झोपेन.” आणि तिचं तिलाच हसू आलं.

इतके दिवस ती चिडण्याला घाबरत नव्हतीच. ‘त्यांनी चिडताच कामा नये’ या स्वतःच्या हट्टात अडकली होती. हे मला तिच्या हसण्याआधी जेमतेम मिनिटभर उमगलं, आणि मी गप्प बसले. गप्प बसणं मला वीस वर्षांनी जमायला लागलंय.

मग वाक्य घडवलं, माणूस वगळून: “दोन्ही अँप्यूल शेजारी आहेत, रात्री फसगत होते. वेगळा डबा करू या?” एकटीनं जाऊ नका, सोबत एखादी सिस्टर घ्या. राउंडमध्ये किंवा नातेवाइकांसमोर नको. नंतर तेच तारीख घालून लेखी द्या, प्रत ठेवा. तीत पेशंटचं नाव नको. मात्र कोणी चुकीची सुई टोचायच्या बेतात असेल तर शब्द जुळवत बसू नका. “थांबा, लेबल बघू,” एवढंच, समोर कोणीही असो.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. 1990च्या दशकात संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या नावावरच जास्त चुका निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, हे त्यामागचं कारण त्यांना दिसलं. तुमच्या चुकांच्या रजिस्टरची पानं कोरी असतील, तर आधी काळजी करा.

डबा वेगळा झाला, लाल पट्टी लावून. इन्चार्ज अजून तिच्याशी तुटक बोलतात. पुढच्या गुरुवारी सर्टिफिकेटांचा विषय घेणार आहोत.