पहिला सोलो अल्बम लेबलकडे (संगीत कंपनीकडे) द्यावा की स्वतः काढावा?

शब्द आणि चाल दोन्ही तुमचीच असतील तर स्वतःच काढा. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द-चालीचा हक्क गाणं लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं की आपोआप तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर रेकॉर्डिंग होतं त्याचा. लेबलवाले बहुतेकदा हाच मागतात आणि एकदा दिलेला मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, परत मिळवणं फार जड जातं.

कुणी काही म्हणो, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर शब्द-चालीच्या रॉयल्टीतला तुमचा निम्मा वाटा करारात लिहूनही सोडता येत नाही. तो वसूल व्हावा म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नवे कलाकार नेमकं हेच टाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संगीत संयोजक, तबलजी, गिटारवाला मित्र असला तरी मानधन आणि हक्क दोन ओळींत लिहून सही घ्या. आयएसआरसी कोड, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, बहुधा गाणी ऑनलाइन ॲप्सवर पोचवणारा डिस्ट्रिब्यूटरच देतो.

पैसे कमी असतील तर गाणी कमी करा, मिक्सिंगमध्ये काटकसर नको. आवाज वाद्यांखाली दबला तर शब्द पोचत नाहीत, आणि स्वतःच्या गाण्यांचा अल्बम शब्दांसाठीच तर ऐकला जातो.