'पाखंडी' म्हणजे ढोंगी नव्हे

प्रश्न असा आला आहे: एका जाहीर चर्चेत एका वक्त्याने दुसऱ्याला 'पाखंडी' म्हटले. दुसरा उसळून म्हणाला, "मी ढोंगी नाही, मी उघड नास्तिक आहे." यात बरोबर कोण? आणि शब्द 'पाखंडी' की 'पाखांडी'?

दुसरा भाग आधी उरकतो. दोन्ही रूपे मराठीच आहेत. जुन्या ओव्या-अभंगांत बहुधा 'पाखांड' आढळते, आज आपण 'पाखंड' लिहितो. हवे ते लिहा.

पहिल्या भागाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. त्या उसळणाऱ्या गृहस्थांनी शब्द चुकीचा ऐकला. त्यांना ढोंगी म्हटलेच नव्हते. ते उघड नास्तिक असतील तर जुन्या अर्थाने ते पाखंडीच, आणि त्यात त्यांच्या प्रामाणिकपणावर कसलाही डाग नाही. दोष त्यांच्या एकट्याचा नाही, हा गोंधळ आता रोज कानावर पडतो. 'पाखंडी बाबाला अटक', 'पाखंडी बुवाचा पर्दाफाश' हे बातमीदार ज्याच्याविषयी बोलतात तो भोंदू असतो. त्याने कुठलेही मत मांडलेले नसते, कुठल्याही शास्त्राला आव्हान दिलेले नसते. लोकांच्या श्रद्धेवर तो पैसे उकळत असतो, एवढेच. त्याच्यासाठी मराठीत भोंदू, ढोंगी, दांभिक, बुवाबाज असे एकाहून एक चपखल शब्द असताना ही उसनवारी कशाला? हा अर्थ बहुतांशी हिंदीतून आला. हिंदीत 'पाखंड' म्हणजे सर्रास ढोंग. 1867 च्या हरिद्वार कुंभात दयानंद सरस्वतींनी 'पाखंड खंडिनी पताका' उभारली, तेव्हा त्या एका शब्दात वेदबाह्य मत आणि पंड्यांचे ढोंग दोन्ही मावत होते. हिंदीला ते खुशाल मावो. मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले होते आणि त्याला सज्जड पुरावा आहे.

पुरावा तुकोबांचा घ्या. 'ऐसे कैसे जाले भोंदू । कर्म करोनी म्हणती साधु' हे ढोंग्यांविषयी. अंगाला राख फासून डोळे झाकून पाप करणारे ते भोंदू. आणि 'पाखांड्यांनीं पाठी पुरविला दुमाला । तेथें मी विठ्ठला काय बोलों' हे कोणाविषयी? त्याच अभंगात पुढे आहे, 'न कळे तें मज पुसती छळूनी'. म्हणजे हे पाखांडी प्रश्न विचारतात, वाद घालतात, पिच्छा सोडत नाहीत. तुकोबांना त्यांचा वैताग आला आहे, पण ते त्यांना भोंदू म्हणत नाहीत. माणसे दोन प्रकारची म्हणून शब्दही दोन.

ज्ञानेश्वर बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला विनवतात: 'पाखांडाचे दरकुटे । मोडीं वाग्वाद अव्हांटे । कुतर्कांचीं दुष्टें । सावजें फेडीं'. पाखांडाच्या शेजारी कोण बसले आहेत पाहा. वाग्वाद आणि कुतर्क. ढोंगाचा वासही नाही. ज्ञानेश्वरांना पाखांड नको आहे हे उघड आहे, पण ते त्यांना विचारांच्या प्रदेशातला अडथळा म्हणून नको आहे.

त्याहून पक्का पुरावा मनुस्मृतीत आहे. चौथ्या अध्यायातला तिसावा श्लोक: 'पाषण्डिनो विकर्मस्थान् बैडालव्रतिकान् शठान् । हैतुकान् बकवृत्तींश्च वाङ्मात्रेणापि नार्चयेत्'. या लोकांचा शब्दानेसुद्धा आदर करू नये. आता ही यादी नीट वाचा. बैडालव्रतिक म्हणजे मांजरासारखा दबा धरून धार्मिकपणा मिरवणारा. बकवृत्ती म्हणजे बगळ्यासारखा ध्यान लावलेला. ढोंग्यांना इथे दोन-दोन स्वतंत्र घरे आहेत, आणि पाषंडी त्यांच्यापासून वेगळा मोजला आहे. पाषंडी म्हणजेच ढोंगी असता तर स्मृतिकाराला हे तिघे वेगळे सांगायचे कारण काय होते? टीकाकार कुल्लूकभट्ट तर स्पष्टच सांगतो: पाषंडी म्हणजे वेदबाह्य व्रतांची चिन्हे धारण करणारे, बौद्ध भिक्षू, क्षपणक म्हणजे जैन साधू वगैरे. त्यांच्यावरचा आक्षेप ते वेद मानत नाहीत हा आहे. ते खोटे वागतात असे कुल्लूकाने कुठे म्हटलेले नाही.

आता व्युत्पत्ती. जुन्या पंडितांची लाडकी फोड अशी की 'पा' म्हणजे पालन करणारा वेदधर्म आणि त्याचे जो खंडन करतो तो पाखंड. ही फोड अजूनही प्रवचनांत ऐकू येते आणि ती साफ रचलेली आहे. 'खंड'चा इथे काही संबंध नाही. मूळ रूप 'पाषण्ड', त्यातल्या 'ष'चा 'ख' झाला. हे आपल्याकडे किती स्वाभाविक आहे ते पाहा: विष-विख, हर्ष-हरिख, औषध-ओखद. माध्यंदिन शाखेचे यजुर्वेदी आजही 'सहस्रशीर्षा' म्हणताना 'सहस्रशीर्खा' म्हणतात. त्याच वाटेने पाषंडाचे पाखंड झाले, आणि 'ख' आल्यावर मागाहून कोणाला तरी त्यात खंडन दिसू लागले.

मग 'पाषण्ड' कुठून आला? इथे मला जो आनंद होतो तो लपवणार नाही. शब्द पहिल्यांदा ठळकपणे भेटतो तो सम्राट अशोकाच्या लेखांत, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात, आणि तिथे तो शिवी नाहीच. गिरनारच्या खडकावर रूप आहे 'पासंड'. अर्थ पंथ, संप्रदाय, एका विचाराची मंडळी. सातव्या लेखाची सुरुवात अशी: 'देवानंपियो पियदसि राजा सर्वत इछति सवे पासंडा वसेयु'. सर्व पंथांनी सर्वत्र राहावे अशी राजाची इच्छा आहे. बाराव्या लेखात तर तो 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' असे जोडीने म्हणतो, म्हणजे आपला तोही पाखंड आणि दुसऱ्याचा तोही पाखंड. ज्या शब्दाने पुढे फक्त परक्याला हिणवले गेले, तो अशोक स्वतःच्या पंथालाही लावतो. ओडिशात हाथीगुंफेच्या लेखात खारवेल, जो स्वतः जैन, 'सवपासंडपूजक' हे बिरुद अभिमानाने मिरवतो. सर्व पंथांचा आदर करणारा राजा. आजच्या अर्थाने वाचले तर ही राजनिंदा ठरेल.

माझे मत असे आहे की हा शब्द 'परिषद'चा सख्खा भाऊ आहे. संस्कृतात परिषदेचे 'पर्षद्' असेही रूप आहे, धर्मनिर्णय देणाऱ्या विद्वानांच्या सभेला धर्मशास्त्रात तेच म्हणतात. पर्षदेत बसणारे ते पार्षद, आणि त्याच कुळातून पाषंड. यावर आक्षेप घेतला जातो की शेवटच्या 'अंड'चा हिशेब लागत नाही. नाही लागत, मान्य. पण अशोकाचाच, आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीचा लेख पाहा. तो खरोष्ठी लिपीत, गांधारी बोलीत आहे, आणि तिथे 'पासंड' नाही, 'प्रषंड' आहे. हा 'र' कुठून आला? गांधारीची एक खोड आहे: पुढचा रकार ती मागे ओढते. धर्मचे 'ध्रम' करते, प्रियदर्शीचे 'प्रियद्रशि' करते. तर मग 'प्रषंड'च्या मागे 'पर्षंड' असणार, आणि 'पर्षंड'च्या मागे पर्षद् नाही तर काय? 'पा' आणि 'खंडन' करणाऱ्यांनी या रकाराचा हिशेब द्यावा, मग मी 'अंड'चा देईन.

आणखी एक साक्षीदार कंदाहारचा. तिथे अशोकाच्या बाराव्या आणि तेराव्या लेखांचा ग्रीक अनुवाद सापडला आहे. त्या काळच्या ग्रीक लेखकाने 'पासंड'साठी शब्द निवडला 'दियात्रिबी'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वेळ घालवणे, त्यावरून अभ्यासात एकत्र वेळ घालवणारी मंडळी, तत्त्वज्ञांची शाळा. म्हणजे दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला 'पासंड' ऐकून एकत्र बसून विचार करणारी माणसे आठवली. परिषदच ती. आणि योगायोग असा की हाच ग्रीक शब्द इंग्रजीत जाऊन 'डायट्राइब' झाला, कडवट शाब्दिक हल्ला. दोन खंडांत दोन भावंडांची सारखीच घसरण झाली.

आपल्याकडची घसरण कशी झाली हे एका धातूवरून दाखवता येते. अशोक म्हणतो 'सवे पासंडा वसेयु', राहोत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाला आज्ञा आहे की जुगारी, नट आणि पाषंडस्थ यांना 'क्षिप्रं निर्वासयेत् पुरात्', नगरातून तातडीने घालवून द्यावे. दोन्हीकडे धातू 'वस्' आहे. एक राजा त्याचा विध्यर्थ करून लोकांना वसवतो, दुसरीकडे त्याला 'निर्' जोडून उठवले जाते. सार्वजनिक जीवनात श्रद्धेचे काय करायचे, हा सगळा वाद या दोन क्रियापदांत आहे, आणि आपल्या लेण्यांनी अशोकाची बाजू घेतलेली आहे. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात एका ओळीने आहेत.

आता संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स. त्यांच्या कोशात 'पाषण्ड'ला वेदबाह्य म्हटले आहे ते ठीक, पण लगेच पुढे ढोंगी, तोतया, खऱ्या हिंदूची, जैनाची किंवा बौद्धाची चिन्हे खोटेपणाने धारण करणारा, असा अर्थ दिला आहे. ज्याला त्याला हाच कोश तोंडावर फेकायची सवय आहे, म्हणून सांगतो. अमरकोश म्हणतो 'पाषण्डाः सर्वलिङ्गिनः', सर्व प्रकारची चिन्हे धारण करणारे. यात 'खोटेपणाने' कुठे आहे? चिन्ह धारण करणे म्हणजे भगवी छाटी, पात्र, मोरपिसांचा कुंचा. तो खोटेपणा अमरकोशाने सांगितलेला नाही. मोनियर-विल्यम्स ऑक्सफर्डला संस्कृतच्या ज्या आसनावर, म्हणजे प्राध्यापकपदावर, बसले ते कर्नल जोसेफ बोडेन यांच्या देणगीतून निघालेले. हे बोडेन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले. आसनाचा हेतू ख्रिस्ती धर्मग्रंथ संस्कृतात आणून इथल्या लोकांच्या धर्मांतराला मदत करणे हा होता, हे खुद्द मोनियर-विल्यम्सनी कोशाच्या 1899 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. माणूस मोठा विद्वान होता, कोश आजही हाताशी लागतो. पण परक्या पंथाचा माणूस म्हणजे मुळात बनावट माणूस, हा पूर्वग्रह त्या नोंदीत शिरला आहे, आणि तो आपण डोळे मिटून उचलला आहे.

मला चीड येते ती याच ठिकाणी. एखाद्याला पाखंडी म्हणणे म्हणजे 'तुझे मत आमच्या परंपरेबाहेरचे आहे' असे म्हणणे. त्यावर वाद होऊ शकतो. ढोंगी म्हणणे म्हणजे 'तुझे हे मतच नाही, तू सोंग करतोस' असे म्हणणे. त्यानंतर वाद संपतो, कारण सोंगाड्याशी कोण बोलेल? दोन्ही शब्द एक केले की वेगळे मत असणे हाच खोटेपणा ठरतो. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर भोंदू बुवांविरुद्ध बोलले आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली. बुवा आणि त्यांना प्रश्न विचारणारा, या दोघांना एकच शब्द लावणारी भाषा आपल्याला हवी आहे का? भाषा बदलतेच, असे काही भाषातज्ज्ञ खांदे उडवून सांगतात. बदलते, पण बदलताना काय हरवले याची नोंद ठेवणे हेच त्यांचे काम आहे.

नास्तिकाविषयी दोन ओळी, कारण प्रश्नात तो आहे. पाणिनीच्या 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' या सूत्राप्रमाणे 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. तोही मताचाच शब्द. मनुस्मृतीने त्याला वेदनिंदक केले. प्रत्येक नास्तिक पाखंडी म्हणता येईल, प्रत्येक पाखंडी नास्तिक नसतो.

शेवटी एक मत खोडायचे राहिले. अशोकाचा बारावा लेख दाखवून काही जण सांगतात की त्याने धर्मावर टीका करायला बंदी घातली होती. नाही. तो 'वचिगुती' मागतो, वाणीचा संयम. आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा 'अप्रकरणम्हि', अप्रस्तुत ठिकाणी, होऊ नये, आणि प्रसंग असेल तिथे ती 'लहुका', हलकी, असावी. म्हणजे प्रसंगी टीका होणार हे त्याने गृहीत धरले आहे. शिक्षेचा उल्लेख त्यात नाही. एकमेकांचा धर्म ऐकावा, 'समवायो एव साधु', एवढेच सांगणे आहे. आणि तो स्वतः टीका करत नव्हता थोडाच. नववा लेख पाहा, ज्याचा तुकडा 1956 मध्ये आपल्या नालासोपाऱ्याजवळ भुईगावला मिळाला. गिरनारच्या पाठात तो म्हणतो की आजारपणात, लग्नकार्यात, मूल होताना, प्रवासाला निघताना लोक मंगलविधी करतात, आणि त्यात स्त्रिया तर 'छुदं च निरथं च', क्षुद्र आणि निरर्थक, असे कितीतरी विधी करतात. भाषा सौम्य नाही. पण विधी करावेतच, फक्त हे कमी फळाचे आहेत, असे म्हणून तो नोकर-चाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान हे जास्त फळाचे मंगल सांगतो. विधीला निरर्थक म्हणताना करणारीला त्याने ढोंगी म्हटलेले नाही.