नुसतं टेक्स्ट टाकायला लावतात, नोकरी सोडू द्यावी का?

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाने आयटीआयमधून सिव्हिल ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स केला, आता तो बेलापूरला एका आर्किटेक्टकडे आहे आणि चार महिने त्याला ड्रॉइंगवर फक्त टेक्स्ट टाकायला लावतात: खोल्यांची नावं, मापं, नोट्स. ‘हे तर टायपिस्टचं काम’ म्हणून नोकरी सोडून थ्रीडीच्या क्लासला जायचं म्हणतोय. सोडू द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता तरी नको. साइटवरचा मिस्त्री रेषांवर पट्टी लावत नाही, लिहिलेलं माप धरतो. तशी नोटच बहुतेक शीटवर असते, आणि ती नोट सध्या तुमचाच मुलगा टाकत असेल!

मीही ड्राफ्टिंगपासूनच सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात १:१०० च्या, म्हणजे कागदावर शंभरपट लहान होणाऱ्या प्लॅनवर अक्षरांची उंची २५० मिलिमीटरऐवजी २५ टाकली. स्क्रीनवर झूम केलं की सगळं झकास दिसायचं. प्लॉट, म्हणजे कागदावरची प्रिंट, निघाला तेव्हा अक्षरं पाव मिलिमीटरची, कागदभर नुसत्या मुंग्या. साहेब ओरडले नाहीत. ड्रॉवरमधून भिंग काढून माझ्या हातात दिलं. कागदावर अडीच मिलिमीटरचं अक्षर हवं तर मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या मापात काढलेल्या स्क्रीनवरच्या ड्रॉइंगमध्ये, शंभरपट, हे तेव्हापासून पक्कं बसलं. (अ‍ॅनोटेटिव्ह, म्हणजे स्केलप्रमाणे आपोआप आकार घेणारं टेक्स्ट घेतलं की हा गुणाकार ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरच करतं. पण आधी हिशेब स्वतःला यावा.)

मुलाला सहज विचारा: तो टेक्स्ट स्टाइल (अक्षरांचा फॉन्ट वगैरे एकदाच ठरवून ठेवलेला साचा) बनवतो, की एकेक अक्षर धरून बदलत बसतो? फाइल दुसऱ्या ऑफिसात गेली आणि तिथे तो फॉन्टच नसला तर काय होतं? शीर्षक मराठीत हवं असेल तर रोमन्ससारखा ऑटोकॅडचा स्वतःचा एसएचएक्स फॉन्ट चालत नाही, स्टाइलला मंगलसारखा युनिकोड फॉन्ट द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक आहे का? उत्तरं आली तर तो शिकतोय. जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्टच करत असेल, तर टायपिस्ट त्याला कुणी केलेलं नाही. कडक बोललो, राग मानू नका.

मात्र वर्ष होत आलं तरी एखादा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) किंवा दारं-खिडक्यांचं शेड्यूलही (मापांची यादी) हाती दिलं नाही, तर खुशाल दुसरीकडे बघावं. थ्रीडी तोवर रविवारच्या बॅचला होईल.

या रविवारी त्याला टेप घेऊन तुमच्याच ऐरोलीच्या घराचा प्लॅन काढायला सांगा. १:५० ला, ए३ कागदावर, सगळी नावं-मापं घालून. प्रिंट आधी तुम्ही वाचा. आणि अक्षरांची उंची किती ठेवलीस, तेही विचारा. १२५ म्हणाला तर त्याला चहा पाजा.