‘चालेल’ म्हणण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचा महिन्याचा हिशेबही वाचला. ‘पुढच्या महिन्यापासून बाहेर खाणं पूर्ण बंद’ असं शेवटी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्या दोन रेघा पाहूनच वाटलं की हे टिकायचं नाही. असली व्रतं दहा दिवस चालतात आणि अकराव्या दिवशी पारणं एवढं जंगी होतं की वाचलेलं सगळं त्यातच जातं.

बाहेर जेवू नकोस असं मी सांगणार नाही. उमेदीची चार वर्षं मी एका रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर काढली. रात्री बिलं जुळवायचं काम होतं, त्यामुळे हजारो बिलं नजरेखालून गेली. माणसं घरून ठरवून येतात त्या पदार्थांनी बिल क्वचितच फुगतं. ते फुगतं वेटरच्या प्रश्नांवर दिलेल्या उत्तरांनी. ‘पाणी बाटलीचं आणू?’ चालेल. ‘सुरुवातीला काही?’ चालेल, आणा काहीतरी. ‘ग्लास मोठा करू?’ चालेल. तुझी जुनी बिलं असतील तर काढ आणि प्रत्येक ओळीपुढे खूण कर: हे मी मागितलं होतं, की फक्त नाही म्हटलं नव्हतं? दुसऱ्या खुणा किती निघतात ते मला कळव.

वेटरवर राग धरू नकोस, त्याला तसं विचारायलाच शिकवलेलं असतं. पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरतात. बाकीच्यात पगार, भाडं, वीज, नासाडी आणि उरलाच तर नफा. पेयांत हा वाटा बराच कमी असतो आणि स्वयंपाक्याचे कष्टही जवळजवळ नसतात. म्हणून पेयाचा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. त्यावर माझा उपाय साधा आहे. बसल्या बसल्या, कुणी विचारण्याआधी, साधं पाणी मागायचं.

मेनूकार्डाची गोष्ट जरा मजेशीर आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये पदार्थांची एक चौकट मांडली. पदार्थ किती खपतो आणि त्यावर किती सुटतं, या दोन मापांवर चार गट. भरपूर खपणारे आणि भरपूर मिळवून देणारे ते ‘तारे’. नफा चांगला पण खप कमी, ती ‘कोडी’. खप दांडगा पण सुटतं थोडं, ते ‘नांगराचे घोडे’ (आपण बैलच म्हणू). आणि दोन्हीकडून पडलेले ते ‘कुत्रे’. मालकाला कोडी खपवायची असतात, म्हणून मेनूकार्डावर चौकोन आखून छापलेला किंवा आग्रहाने सुचवलेला पदार्थ बऱ्याचदा कोडं असतो. तुझा मित्र तो बैल. रोज कितीतरी टेबलांवर जाणारा, कुणी फारशी तारीफ न केलेला पदार्थ तुझ्या पैशाचा पुरेपूर मोबदला देतो. खप मोठा, म्हणून तो ताजाही असतो. आणखी एक. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका रेस्टॉरंटात पाहिलं की किमतीपुढचं डॉलरचं चिन्ह काढून नुसता आकडा छापला, तर गिऱ्हाईक जास्त खर्च करतं. तेव्हा नुसते आकडे दिसले की मनातल्या मनात त्यांना पैसे म्हणायचं.

पण तुझ्या हिशेबातली खरी गळती मला वेगळ्याच ठिकाणी दिसते: मित्रांबरोबरच्या शनिवारांत. तिथे तुझी रक्कम दरवेळी गोल आणि मोठी आहे. म्हणजे बिल समान वाटलं जातं. यावर अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये एक प्रयोग केला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा-सहा जणांना जेवायला बसवलं. ज्यांना आपापलं बिल भरायचं होतं, त्यांनी सरासरी ३७ शेकेलचं (तिथलं चलन) मागवलं. समान वाटणी होणार होती, त्यांनी ५१ चं. आणि ज्यांचं बिल प्रयोग करणारेच भरणार होते, त्यांनी तब्बल ८२ चं. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना वेगवेगळं बिलच हवं होतं. हवं सगळ्यांना असतं, बोलायचं कुणी एवढाच प्रश्न.

तर तू बोल. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही. मात्र बोलायची वेळ चुकवू नकोस. बिल आल्यावर आकडेमोड काढलीस तर तुझ्यावर कंजूषपणाचा शिक्का बसेल. बसायच्या आधी, हसत, ‘आज आपापलं हं’ म्हटलंस तर निम्म्या टेबलाला हायसं वाटेल. एखाद्या गटाला ते मुळीच रुचलं नाही, तर त्यांच्याबरोबर जेवायच्या वेळी न भेटता नंतर भेट. मैत्री चहा-कॉफीवरही होते.

बाकीचं थोडक्यात. पोटात आग पडलेली असताना मेनू हातात घेऊ नकोस. आधी कमी मागव, लागलं तर पुन्हा मागव. स्वयंपाकघर कुठे पळून जात नाही. उरलेलं बांधून घ्यायला लाजू नकोस. घरपोच मागवायच्या अ‍ॅपवर त्याच पदार्थाची किंमत रेस्टॉरंटातल्यापेक्षा अनेकदा जास्त असते, त्यावर पोहोचवण्याचा आकार वेगळा. जवळ असेल तर चालत जाऊन आण. पैसे देण्याआधी बिल ओळीओळीने वाच. मी गल्ल्यावर असताना दुसऱ्या टेबलाचा पदार्थ भलत्याच बिलात चढलेला कितीदा पाहिलाय, आणि त्यात लबाडी क्वचित, घाई जास्त. जिथे टीप द्यायची रीत आहे तिथे मात्र त्यात हात आखडू नकोस. ती परवडत नसेल तर त्या दिवशी ते ठिकाणच परवडत नाही असं समज.

पुढच्या आठवड्यात मी तिकडे येतोय, तेव्हा जेवायला जाऊच. जागा तू निवड. बिल मी देणार आहे. फक्त त्या ८२ वाल्यांसारखं मागवू नकोस.

तुझा,
काका